बाळाच्या डब्यातली साखर: २.७, ७.१ आणि १३.६ हे तीन आकडे कसे वाचायचे

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच विद्यार्थी विचारतात, "संशोधन प्रस्तावात 'समीक्षा' लिहा म्हणतात, म्हणजे नेमकं करायचं काय?" बहुतेक जण मग 'अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं' अशी यादी देतात. ती समीक्षा नव्हे, ती नोंदवही झाली. समीक्षा म्हणजे एखादा दावा घ्यायचा, तो कोणत्या मोजमापावर उभा आहे ते बघायचं, दुसऱ्या बाजूचं मोजमापही तितक्याच कडकपणे तपासायचं, आणि शेवटी आपलं मत द्यायचं. मत द्यायला घाबरायचं नाही, फक्त ते कशावर आधारलंय हे सांगता आलं पाहिजे.

आज त्यासाठी एक खरं प्रकरण घेऊ: सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू करताना जो पाकिटातला किंवा डब्यातला आहार दिला जातो, त्यातल्या साखरेचं. आमच्या सावद्यात मेडिकलमध्ये गेलात की हे डबे काउंटरच्या मागच्या फळीवर दिसतात. त्यांच्यावर बाळाचं चित्र नसतं. ते योगायोगाने नाही. १९९२ च्या कायद्याने (तो २००३ मध्ये आणखी कडक झाला) दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाच्या वेष्टनावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला आणि अशा अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणजे चित्रावर कायद्याची नजर बारीक आहे. आतल्या साखरेवर ती किती बारीक आहे, हा आजचा प्रश्न.

प्रकरण काय होतं

एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' ही स्विस संस्था आणि बाळांच्या आहारावर काम करणारं 'आयबीफॅन' हे जाळं, यांनी मिळून एक अहवाल काढला. नेस्लेची आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत विकली जाणारी सेरेलॅकची ११५ उत्पादनं त्यांनी बघितली. त्यातल्या १०८ मध्ये वरून घातलेली साखर होती. भारतातली १५ उत्पादनं तपासली, त्या सगळ्यांत साखर होती, आणि सरासरी निघाली एका वेळच्या वाढणीमागे २.७ ग्रॅम. खरा भडका उडाला तो तुलनेमुळे. सहा महिन्यांच्या बाळासाठीचं त्याच कंपनीचं गव्हाचं उत्पादन स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटनमध्ये साखरेशिवाय विकलं जात होतं.

भारतात लगेच हालचाल झाली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, म्हणजे एफएसएसएआयला, लक्ष घालायला सांगितलं. कंपनीचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. एक, गेल्या पाच वर्षांत आम्ही साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. दोन, नेस्ले इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुरेश नारायणन यांनी पत्रकारांना सांगितलं, की भारतातली मर्यादा १०० ग्रॅममागे १३.६ ग्रॅम आहे आणि आमचं प्रमाण ७.१ ग्रॅम आहे.

आता तुमच्यासमोर तीन आकडे आहेत: २.७, ७.१ आणि १३.६. वर्तमानपत्रांत तिन्ही छापून आले. वाचणाऱ्याला वाटतं, एक बाजू खरं बोलतेय आणि दुसरी खोटं. तसं असेलच असं नाही.

पहिली तपासणी: छेद कोणता?

शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा अंश आणि छेद दोन्ही बघायला शिकवलं होतं. मोठे झाल्यावर आपण फक्त अंश बघतो. २.७ च्या खाली छेद आहे 'एक वाढणी'. ७.१ च्या खाली छेद आहे '१०० ग्रॅम कोरडी पावडर'. या दोघांची थेट तुलना होतच नाही.

बदलून बघू. एका वाढणीत २५ ग्रॅम पावडर धरली, तर २.७ ग्रॅम साखर म्हणजे १०० ग्रॅममागे १०.८ ग्रॅम. वाढणी ३८ ग्रॅमची धरली, तर १०० ग्रॅममागे बरोबर ७.१. वाढणी ५० ग्रॅमची धरली, तर ५.४. म्हणजे वाढणीचं वजन कळल्याशिवाय हे दोन आकडे जुळतात की भांडतात, हेच सांगता येत नाही. शिवाय वाढणी किती मोठी हे ठरवतं कोण? उत्पादक. बाळ मोठं होतं तशी वाढणीही वाढत जाते. म्हणून 'प्रति वाढणी' हा छेद बातमीसाठी सोपा आहे, आईला समजायलाही बरा आहे, पण देशादेशांची तुलना करायला कच्चा आहे. अहवालावर माझा पहिला आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप सरासरीवर. १५ उत्पादनांची सरासरी काढताना प्रत्येक उत्पादनाला सारखं वजन मिळतं. एखादा प्रकार गावोगावच्या मेडिकलमध्ये खपत असेल आणि दुसरा फक्त पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये, तरी सरासरीत दोघं सारखेच. हा दोष या एकाच अहवालाचा नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दुकानांतली ६५१ बालआहार उत्पादनं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या निकषांवर ताडून बघितली आणि सुमारे ६० टक्के पोषणाच्या अटींत नापास झाली. तिथेही मोजली गेली ती फळीवरची उत्पादनं. बाळांच्या पोटात काय गेलं ते मोजलं गेलं नाही. फळीवर काय आहे हे मोजणं चुकीचं नाही, पण निष्कर्ष लिहिताना 'बाळं इतकी साखर खातात' असं लिहिलं की पाय घसरला.

आता कंपनीच्या वाक्यालाही तीच फूटपट्टी लावा. '३० टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' बघा. ही सरासरी नाही, ही वरची टोकाची हद्द आहे. एका प्रकारात ३० टक्के आणि बाकी दहा प्रकारांत २ टक्के कपात असली, तरी हे वाक्य खरंच ठरतं. संशोधनात असं वाक्य दिसलं की समासात पेन्सिलीने लिहायचं: कोणत्या उत्पादनात? कोणत्या वर्षाच्या तुलनेत?

दुसरी तपासणी: १३.६ आला कुठून?

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा आकडा, आणि त्यावरच सर्वांत कमी चर्चा झाली.

एफएसएसएआयचे बाळांच्या आहाराबद्दलचे नियम २०२० चे आहेत. त्यांचा आशय साधारण असा: पिष्टमय पदार्थांसाठी लॅक्टोज आणि ग्लुकोजची पॉलिमरं यांना पसंती द्यावी, कर्बोदकांचा स्रोत म्हणून गरज असल्याशिवाय सुक्रोज किंवा फ्रुक्टोज घालू नये, आणि घातलंच तर ते एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं.

आता हिशेब करा. समजा १०० ग्रॅम पावडरमध्ये ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत. दूध आणि धान्य एकत्र असलेल्या पावडरीत साधारण इतकी असतात. ६८ चे २० टक्के किती? १३.६. म्हणजे १३.६ ही कायद्यात लिहिलेली स्वतंत्र संख्या नसून टक्केवारीतून निघालेली संख्या आहे, आणि उत्पादनात कर्बोदकं जितकी जास्त तितकी साखरेची मुभाही जास्त. हे जरा विचित्रच नाही का? ज्या डब्यात आधीच पीठ जास्त, त्याला साखरेची सवलतही जास्त.

आणखी पुढे जाऊ. १३.६ ग्रॅम साखरेच्या कॅलरी होतात ५४. अशा पावडरीत १०० ग्रॅमला ४१० कॅलरी धरल्या, तर साखरेचा वाटा १३ टक्के. ७.१ ग्रॅमचा वाटा ७ टक्के. आता हे कशाशी ताडायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे, की मुक्त शर्करा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ च्या आत. या फूटपट्टीने ७ टक्के 'बरं' वाटतं. पण तो सल्ला सर्व वयांच्या लोकांच्या दिवसभराच्या आहाराबद्दलचा आहे. लहान बाळांसाठी त्याच संघटनेच्या युरोप विभागाचा २०२२ चा निकष वेगळा आहे: तीन वर्षांखालच्या मुलांच्या व्यापारी खाद्यात वरून घातलेली साखर शून्य. युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेनेही, एस्पगानने, २०१७ मध्ये बाळाच्या वरच्या अन्नात साखर घालू नये असंच सांगितलं. फूटपट्टी निवडताना वय चुकलं की निष्कर्ष उलटा होतो.

आणि जगाची मानकं तरी कडक आहेत का? कोडेक्सचं जुनं मानक दूध-प्रथिनं घातलेल्या धान्याच्या आहाराला १०० कॅलरीमागे ५ ग्रॅम साखरेपर्यंत मुभा देतं. म्हणजे ऊर्जेच्या २० टक्के. तेव्हा 'आमचा माल आंतरराष्ट्रीय मानकात बसतो' हे वाक्य खरं असूनही त्यातून बाळाच्या पोषणाबद्दल फारसं काही कळत नाही.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. भारतीय नियमातला कळीचा शब्द २० टक्के नाही, 'गरज असल्याशिवाय' हा आहे. गव्हाच्या पिठाचा आणि दुधाच्या पावडरीचा डबा, त्यात निम्म्याहून जास्त वजन कर्बोदकांचंच. त्याला कर्बोदकांचा स्रोत म्हणून वेगळ्या साखरेची गरज कोणत्या अर्थाने असू शकते? तीच कंपनी दुसऱ्या देशात साखरेशिवाय तोच प्रकार बनवून विकत असेल, तर तांत्रिक गरजेचा मुद्दाही संपतो. उरते फक्त चव. आणि चवीसाठी साखर घालायची परवानगी नियमाच्या शब्दांत नाही. टीका व्हायला हवी होती ती या अटीचा अर्थ कोणीच विचारत नाही यावर. आपण मात्र 'मर्यादेच्या आत की बाहेर' यातच अडकलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने रिफाइंड साखर नसलेले सेरेलॅकचे प्रकार भारतात जाहीर केले, एकूण २१ पैकी १४. चांगलंच झालं. पण यातून गरजेचा प्रश्न उलट पक्का झाला: १४ मध्ये नको, तर ७ मध्ये कशाला?

'रिफाइंड साखर नाही' या शब्दांवरही थांबा. कुठल्याही कंपनीच्या वेष्टनावर असे शब्द दिसले की मागची घटकांची यादी वाचायची. गूळ, खजूर, मध, फळांचा आटवलेला रस या गोष्टी रिफाइंड साखर नाहीत, पण बाळाच्या जिभेला आणि दाताला फरक कळत नाही.

तिसरी तपासणी: साखर म्हणजे कोणती साखर? (इथे आपलं केळं येतं)

सावदा, रावेर, फैजपूर हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा स्टेशनवरून केळी उत्तरेकडे जाते, आणि इथल्या बहुतेक घरांत बाळाचं पहिलं वरचं खाणं म्हणजे चमच्याने खरवडलेलं किंवा कुस्करलेलं केळं. तर केळ्याचाच हिशेब करू.

१०० ग्रॅम पिकल्या केळ्यात सुमारे ८९ कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर असते. साखरेच्या कॅलरी ४८. म्हणजे ऊर्जेच्या निम्म्याहून जास्त! 'एकूण साखर' या एकाच निकषावर चाळणी लावली तर आधी आजीच्या हातातलं केळं नापास होईल आणि साखर घातलेला डबा पास होईल. निकष सोपा असला म्हणून बरोबर असतो असं नाही.

म्हणून 'मुक्त शर्करा' ही संकल्पना आली. पण तिच्याही व्याख्या एकसारख्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या व्याख्येत वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस येतात. फळाचा गर त्यात लिहिलेला नाही. इंग्लंडने २०१८ मध्ये वापरायला घेतलेल्या व्याख्येत मात्र गर, पेस्ट, भुकटी हे सगळं आलं, कारण तिथे फळाच्या पेशींची रचना मोडलेली असते. म्हणजे एकच केळं: घरी वाटीत कुस्करलं तर मुक्त शर्करा नाही; कारखान्यात त्याची प्युरी करून पाऊचमध्ये भरली तर एका व्याख्येने नाही, दुसऱ्या व्याख्येने आहे; भुकटी करून धान्यात मिसळली तरी तोच वाद. जळगाव जिल्ह्यात केळीवर प्रक्रिया करायची चर्चा कायम चालू असते, त्यामुळे हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला पुस्तकातला वाटू नये.

प्रयोगशाळा हा वाद सोडवेल का? पूर्णपणे नाही. एचपीएलसीवर लॅक्टोज, सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगवेगळे मोजता येतात, त्यामुळे दुधाची साखर बाजूला काढता येते. पण केळ्यातलं सुक्रोज आणि कारखान्याच्या पोत्यातलं सुक्रोज हा एकच रेणू आहे. ऊस हे सी-४ गटातलं पीक आणि केळी सी-३ गटातलं, म्हणून कार्बनच्या समस्थानिकांवरून उसाची साखर ओळखायचा मार्ग आहे; मधातली भेसळ अशीच पकडतात. पण डब्यात ज्वारी असेल तर? ज्वारीही सी-४. मग आधी सुक्रोज वेगळं काढावं लागेल. एवढं करूनही लेबलवरचा 'अ‍ॅडेड शुगर'चा आकडा शेवटी उत्पादकाच्या पाककृतीवरून येतो. तुमच्या प्रस्तावात 'आम्ही प्रयोगशाळेत वरून घातलेली साखर मोजू' असं वाक्य असेल, तर मार्गदर्शकांनी विचारण्याआधी ते स्वतः तपासा.

चौथी तपासणी: कशाच्या तुलनेत?

'घरचं ते चांगलं, डब्यातलं ते वाईट' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण तेही दावाच आहे. त्यालाही पुरावा लागतो.

१०० ग्रॅम केळ्यात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. वरणाचं वरचं पाणी म्हणजे बहुतांश पाणीच. आणि सहा महिन्यांनंतर बाळाला सर्वांत जास्त चणचण भासते ती लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. डब्यातल्या आहारात लोह घातलेलं असतं, हा त्याचा खरा गुण आहे आणि प्रामाणिक टीकेने तो मान्य केला पाहिजे. अर्थात लेबलवरचं लोह म्हणजे शोषलं गेलेलं लोह नव्हे. ते कोणत्या क्षाराच्या रूपात आहे, धान्यातलं फायटेट किती, सोबत क जीवनसत्त्व आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट ऊर्जेची घनता. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत वरच्या अन्नातून साधारण २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि नंतर ५५०. पोट मुठीएवढं. पातळ पेज दिली तर पोट भरतं, कॅलरी भरत नाहीत. घट्ट दिली तर बाळ गिळत नाही. यावर बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात महत्त्वाचं काम केलं: मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घट्ट लापशीत घातलं की त्यातलं अमायलेज लापशी सैल करतं. पाणी न वाढवता. घराघरांत नाचणी भिजवून, मोड आणून जे सत्त्व करायची पद्धत आहे, तिच्यामागचं शास्त्र हेच. यात साखरेची गरज कुठेच पडत नाही.

म्हणजे योग्य तुलना 'डबा विरुद्ध घर' अशी ठोकळ नाही. साखर घातलेला डबा, बिनसाखरेचा डबा, नुसती पेज, आणि डाळ-तेल-भाजी घातलेली मऊ खिचडी हे चार वेगळे गट आहेत. शेवटचा गट बहुतेक मोजमापांवर पुढे असेल असं मला वाटतं, पण लोहाच्या बाबतीत ते गृहीत धरू नका. मोजा.

आणि पाचवा गट आपण नेहमी विसरतो: अंगणवाडीतून घरी मिळणारं पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हा त्याचा मूळ सरकारी निकष होता. महाराष्ट्रात या पाकिटांवर मोठी लढाई झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या अटी असलेली निविदा रद्द केली. पण ती लढाई मुख्यतः पाकीट कोण बनवणार यावर होती. सुकडीत, शिऱ्याच्या पिठात साखर किती, हा प्रश्न स्विस कंपनीला विचारला तितक्याच जोरात आपण आपल्या पाकिटाला विचारत नाही. आईच्या कडेवर तेच बाळ आहे, तर फूटपट्टीही तीच हवी.

सावद्यात करता येईल असा अभ्यास

मोठं अनुदान नको. गावातली सगळी मेडिकल आणि किराणा दुकानं फिरून, दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं प्रत्येक उत्पादन नोंदवा: घटकांची यादी, वाढणीचं वजन, कॅलरी, एकूण साखर, अ‍ॅडेड शुगर, सोडियम, लोह आणि त्याचा क्षार, दर. सगळं १०० कॅलरीमागे बदलून घ्या, म्हणजे छेद एक होईल. त्याच तक्त्यात अंगणवाडीचं पाकीट आणि दोन-तीन घरगुती पाककृती ठेवा. 'दोन वर्षांपुढील' असं छापलेली बिस्किटं आणि पफ यांची वेगळी नोंद करा, कारण दोन वर्षांची रेघ ओलांडली की तो कायदा लागू होत नाही. दुकानदाराला फक्त एक विचारा: यातलं जास्त काय खपतं? त्यावरून सरासरीला वजन देता येईल.

लेबलांचा अभ्यास असेपर्यंत काम सोपं. आयांना प्रश्न विचारायचे ठरवलंत तर आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी घ्या. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत काल बाळाने डब्यातला पोषक आहार खाल्ला का असं विचारतात, पण किती चमचे हे विचारत नाहीत. तुमच्या छोट्या अभ्यासाची जागा नेमकी तिथे आहे. आणि पैसे कुठून येतात तेही बघा. याच १९९२ च्या कायद्याने बालआहाराच्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या संघटनांना परिषदा, शिष्यवृत्त्या, संशोधन यांसाठी पैसे द्यायलाही बंदी घातली आहे. ती का घातली असेल, हे प्रस्ताव लिहिण्याआधी स्वतःला विचारून बघा.

शेवटी निकाल

पब्लिक आयच्या अहवालाचं मोजमाप काही जागी सैल आहे, तरी त्याने मांडलेली मुख्य तुलना टिकते. कंपनीचे आकडे खोटे आहेत असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण ते ज्या मर्यादेशी ताडले गेले ती मर्यादाच बाळाच्या गरजेवरून ठरलेली नाही. माझा आक्षेप सर्वांत जास्त आहे तो नियमावर: 'गरज असल्याशिवाय' असं लिहायचं, गरज कोणी सिद्ध करायची ते सांगायचं नाही, आणि पुढच्याच ओळीत २० टक्क्यांचं दार उघडं ठेवायचं. ही अट एक तर नीट लागू करा, नाहीतर दोन वर्षांखालच्या आहारात वरून साखर नाही असं सरळ लिहा.

गृहपाठ: घरातल्या किंवा शेजारच्या एका डब्याचं लेबल घ्या आणि त्यातली साखर तीन छेदांवर काढा, वाढणीमागे, १०० ग्रॅममागे आणि १०० कॅलरीमागे. कंपनीने कोणता छेद ठळक छापलाय ते बघा आणि का, हे दोन ओळींत लिहा.